एकेचाळिसावा मजूर

उत्तराखंडातील सिलक्यारा येथे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बोगदा खचला. आत ४० मजूर अडकल्याचे सांगण्यात आले. काही दिवसांनी हा आकडा ४१ निघाला. सतराव्या दिवशी सर्वजण सुखरूप बाहेर आले आणि एक माणूस मोजणीतून सुटला कसा, हा प्रश्न मागे पडला.

अशा सुटलेल्या नावाचे मोल मी सेवेत असताना पाहिले आहे. परांचीवरून पडून मृत्यू पावलेल्या एका मजुराचे नाव हजेरीपटावर नव्हते. ‘हा आमचा माणूसच नव्हे,’ असे कंत्राटदाराने सांगितले. सोबत्याच्या साक्षीमुळे विधवेला भरपाई मिळाली. तो सोबती गावी परतला असता तर?

आपल्या व्यवसायाचे काम कंत्राटाने देणारा मूळ मालकही भरपाईस बांधील आहे, ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. म्हणजे शतकभर हक्क मजुराचा राहिला, पुरावा मात्र मालकाच्या कपाटात. रोजच्या हजेरीची पावती मजुराच्या हाती देणे सक्तीचे करावे आणि ती न देणाऱ्यावरच ‘हा आमचा नव्हे’ हे सिद्ध करण्याचा भार टाकावा. मजूर परांचीवर चढण्यापूर्वी त्याचे नाव कागदावर चढले पाहिजे.