जुना ट्रक सारखा गरम होतोय? आधी तो ‘कधी’ गरम होतो ते बघा

फोन तापला की तो स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो, कधीकधी बंदही पडतो. जुन्या ट्रकला अशी अक्कल नसते. पाणी उकळलं तरी इंजिन पळतच राहतं, हेड वाकेपर्यंत. तिथे थांबायचं काम ड्रायव्हरचं.

आमच्या केडगावात उसाचा हंगाम सुरू झाला की हे दृश्य नवं नसतं. चौफुल्याच्या पुढे हायवेच्या कडेला भरलेली गाडी उभी, केबिन उचललेली आणि वाफांचा लोट. गेल्या हंगामात त्यात काकांचा ट्रकही होता. उभ्या गाडीत ऊस वाळतो, वजन घटतं आणि नुकसान आपलं. म्हणून दोन दिवस काढून दोष शोधला. तीच पद्धत इथे सांगतो.

आधी सुरक्षितता

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यावर 7 पीएसआय लिहिलेलं असेल, तर आतलं पाणी 100 नाही, साधारण 111 अंशांना उकळतं. झाकण काढलं की दाब जातो आणि ते पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

अजून एक फसवणूक लक्षात ठेवा. पाणी सेन्सरच्या खाली गेलं, तर काटा उलट ‘थंड’ दाखवू शकतो. काटा अचानक पडला की खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.

पाणी फिरतं कसं?

वॉटर पंप पाणी इंजिनात ढकलतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे पाणी बायपासमधून आतल्या आतच फिरतं. साधारण 80 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तिथे फॅनची हवा ते गार करते. दोष या साखळीतल्याच कुठल्यातरी कडीत असतो.

गाडी कधी गरम होते?

- उभी असताना किंवा हळू चालताना: हवा कमी पडतेय. फॅन बेल्ट ढिला आहे का, फॅनची पाती तुटलीत का, जाळीत पाचट अडकलंय का, ते बघा.
- लोड घेऊन, वेगात किंवा चढावर: पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, पंप कमजोर असेल किंवा खालचा होज ओढीने चपटा होत असेल.
- चालू केल्यावर थोड्याच वेळात: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा आत हवा कोंडलीय.
- पाणी सारखं कमी होतं, पण गळती दिसत नाही: हेड गॅस्केटचा संशय घ्या. थंड इंजिनाचं झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्याचा व्हिडिओ काढा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर गाडी चालवू नका.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला स्कॅनर जोडायची सोय नसते. त्यामुळे फोनचा उपयोग टॉर्च, व्हिडिओ आणि नोंदी ठेवण्यापुरताच.

आमच्या गाडीत काय निघालं?

काकांची गाडी रिकामी असताना ठीक, भरल्यावर हायवेला गरम. म्हणजे दुसरा प्रकार. तरी स्वस्तातलं आधी केलं. बेल्ट बघितला, इंजिनाच्या बाजूने पाणी मारून जाळीतलं पाचट काढलं. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग गाडी गरम करून बंद केली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर गन रेडिएटरवर फिरवली. वर 85 अंश, पण मधल्या पट्ट्यात जेमतेम 45. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. कारण घरचंच होतं: वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी. बाथरूमच्या नळावर बसतो तोच पांढरा क्षार आत बसला होता.

दुसरा धक्का म्हणजे थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच! ‘गाडी थंड राहते’ म्हणून कुणीतरी आधीच काढून टाकला होता. हा जुगाड बऱ्याच इंजिनांत उलटा पडतो. थर्मोस्टॅट नसला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं.

रेडिएटर उतरवून त्याच्या टाक्या उघडल्या, नळ्यांतून रॉड मारून घेतला. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का ते पाहिलं. झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली.

त्यानंतर भरलेल्या गाडीचा काटा मधोमधच राहिला. काका आता केबिनमध्ये बोअरच्या पाण्याचा कॅन ठेवतात, पण फक्त हातपाय धुवायला.