वळिवड्याची छावणी आणि वारणाकाठचे तळ

निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांसाठी शाळा, गाणी, खेळ असा विषय काढला की वारणानगरात काय, कोल्हापुरात काय, बहुतेकांना तो दूरदेशीचा वाटतो. तो तसा नाही. कोल्हापूर–मिरज रेल्वेमार्गालगत वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. त्या छावणीविषयी आपल्याच जिल्ह्यात बरेच गैरसमज आहेत.

“ते हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यू होते.” बहुसंख्य कॅथलिक होते आणि त्यांना घराबाहेर काढले ते सोव्हिएत रशियाने. 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून आला. 1940–41 मध्ये पूर्व पोलंडातली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. 1941 मध्ये सुटकेचा करार झाला, 1942 मध्ये हजारो लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले आणि तिथून काही जण भारतात आले. उपासमार आणि रोगराई यांत अनेक मुलांचे आईबाप वाटेतच गेले. धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात भरती झालेले. त्यामुळे वळिवड्याला आल्या त्या मुख्यतः बायका आणि मुले.

“सगळा खर्च महाराजांनी केला.” इथे जामनगरजवळच्या बालाचडीशी गल्लत होते. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. वळिवड्याची छावणी कोल्हापूर संस्थानात उभी राहिली, पण तिचा खर्च लंडनमधले परागंदा पोलिश सरकार उचलत होते. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली बरीच मुले वळिवड्यालाच आली.

“आधी पोट, मग शाळा, खेळ तर सगळ्यांत शेवटी.” हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि सर्वाधिक नुकसान तोच करतो. वळिवड्यात दवाखाना होता, चर्च होते, आणि त्यांच्याच बरोबरीने प्राथमिक व माध्यमिक शाळा आणि हातांना काम शिकवणारे वर्ग होते. शिकवणारे बहुतेक निर्वासितांमधलेच. नाटके बसत, समूहगान होई. बालवीरांची पथके तर छावणीचा कणाच होती. ती बांधायला पोलिश सैन्याने झ्जिस्वाफ पेशकोव्स्की हा तरुण अधिकारी पाठवला. तो स्वतः रशियन कैदेतून वाचलेला होता. युद्ध चालू असताना सैन्याने एक अधिकारी मुलांच्या खेळांसाठी मोकळा करावा, यातच त्या कामाचे मोल कळते.

त्याचे कारण समजून घ्यायला हवे. घर गेले, बाप आघाडीवर, दोनतीन वर्षांचे शिक्षण बुडालेले, अशा मुलाचा दिवस रिकामा राहिला की भीती त्याला गिळते. सकाळी घंटा, दुपारी तालीम, संध्याकाळी पथक असा दिवस बांधला गेला की उद्या काय करायचे हे त्याला ठाऊक असते. खेळाने वेळ जातो एवढेच नाही, मूल पुन्हा माणसांवर विश्वास ठेवायला शिकते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, 31 व्या कलमात, खेळ आणि विरंगुळा हा हक्क म्हणूनच नोंदलेला आहे. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला.

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच.

“आता आपल्याकडे अशा छावण्या नाहीत.” गळीत हंगामात वारणाकाठी फिरून पाहा. बीड, जालना आणि इतर दुष्काळी भागांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचे तळ पडलेले असतात. हे लोक कायद्याने निर्वासित नाहीत. मुकादमाची उचल घेऊन ते हंगामापुरते येतात. पण त्यांच्या मुलांचे वर्षातले पाच-सहा महिने छावणीतच जातात. आईबाप पहाटे फडात गेले की आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखते. साखरशाळा आणि गावाकडची हंगामी वसतिगृहे याच मुलांसाठी निघाली. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणेने साखर कारखान्याबरोबर मुलांचा बालवाद्यवृंदही उभा केला. मुलांच्या हाती वाद्य दिल्याने काय होते, हे वारणानगराला वेगळे सांगायला नको. तळावरच्या मुलांपर्यंतही ढोलकी, चेंडू, गोष्टीचे पुस्तक गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

“दाखला नसेल तर शाळेत घेत नाहीत.” 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. तुमच्या शिवारात तळ पडला असेल, तर तिथल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जा आणि मुख्याध्यापकांना भेटा.