कर्तनांतील घर्षण आणि वंगण

राजूरसारख्या गांवीं कोयत्याला धार लावतांना दगडावर मधून मधून पाणी शिंपडतात. पूड वाहून जाते, पातें तापत नाहीं. लेथवर पोलाद कातण्याचें प्रकरण मात्र इतकें सरळ नाहीं. कातणाऱ्या हत्याराच्या टोकाशीं दाब असा प्रचंड असतो कीं, सुटणारा कीस तेथें घसरत नाहीं, चिकटतोच. घसरणें सुरू होतें तें जरा पुढें. त्या चिकटलेल्या जागीं तेलाला शिरकाव कसला! शिवाय तेथील घर्षण दाबाबरोबर वाढत जात नाहीं. किसाचा धातु स्वतः जितका ताण सोसून कातरला जातो, तितक्यावरच तें अडतें.

म्हणून संगणकावर कर्तनाचें प्रतिरूप मांडतांना सर्व पृष्ठभागास घर्षणाचा एकच गुणांक लावणें हा निव्वळ आळस होय. मुख्य बळाचा आंकडा कदाचित् जुळेलही. पण उष्णतेचें गणित चुकेल, आणि वेगवान कामांत हत्यार झिजतें तें मुख्यतः उष्णतेनें.

मग वंगण व्यर्थच काय? अमेरिकन अभियंते टेलर यांना १८८३ सालीं असें आढळलें कीं, कीस सुटतो तेथें पाण्याची जोरदार धार सोडल्यास कातण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवितां येतो. पाणी कांहीं उत्तम वंगण नव्हे. तें उष्णता वाहून नेतें. म्हणून प्रतिरूपांत घर्षण आणि शीतन यांचे हिशेब वेगळे मांडावे लागतात.