नोकरी सांभाळून जोडकाम : कंपनी काढायची की आपल्याच नावाने चालवायचं?

"सर, मी कंपनी काढली!" आमचा एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला होता. दिवसा नोकरी आणि रात्री लोकांना वेबसाइट करून देणं असं त्याचं चालू होतं. वर्षाला लाख-सव्वा लाख सुटत होते. कंपनी असली की गिऱ्हाईक मान देतं, असं कोणीतरी सांगितलं आणि त्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. दोन संचालक लागतात म्हणून आईला दुसरी संचालक केलं. पुढे नोकरीत बढती मिळाली, वेळ उरेना, रात्रीचं काम सुटलं. काम बंद म्हणजे कंपनीही बंद, असा त्याचा समज.

दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा हातात पेढ्यांऐवजी थकलेल्या शुल्काचा हिशेब होता. कंपनीत एक रुपयाचा व्यवहार झाला नाही तरी तिची खाती ऑडिट करून घ्यावी लागतात, आणि हिशेबपत्रकं व वार्षिक विवरण असे दोन अर्ज दर वर्षी सरकारकडे भरावे लागतात. मुदत टळली की प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये. दोन अर्ज एक वर्ष राहिले तर ७३,००० रुपये. कंपनी बंद करायची म्हटलं तर त्या अर्जाची फी १०,००० रुपये, आणि त्याआधी मागची थकबाकी भरायची. त्याने वेबसाइटमधून कमावलं त्याहून जास्त असंच गेलं.

मित्रांनो, म्हणून आज हा विषय घेतला आहे. नोकरी करता करता अनुवाद, डिझाइन, लेखापालन, सॉफ्टवेअर, सल्ला असं काही काम करून थोडे पैसे मिळवणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. 'कोणती रचना घेऊ?' हा प्रश्न त्यांना पडतोच. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो : उत्पन्न थोडं असेल, काम एकट्याचं असेल, तर कोणतीही नवी रचना घेऊ नका.

आता हे असं का, ते पाहू.

तुम्ही स्वतःच्या नावाने काम केलं आणि बिल दिलं, की तुमची रचना तयार झालेलीच असते. तिला एकल मालकी म्हणतात, बोलताना आपण प्रोप्रायटरशिप म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आणि तुमचा धंदा वेगळे नाहीत. पॅन तुमचाच चालतो, उत्पन्न तुमच्याच विवरणपत्रात जातं. ती 'नोंदवण्याचं' असं वेगळं कार्यालय नाही. दुकानाचं किंवा संस्थेचं नाव लावून बँकेत चालू खातं उघडायचं असेल तर बँक कागद मागते. तेव्हा उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती आधारवर ऑनलाइन होते आणि मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून जपा, ती सरकारी नसतात. दुसरा कागद शॉप अ‍ॅक्टचा, मुंबईकर ज्याला गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात एकट्याने काम करणाऱ्याला त्यासाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बस्स.

करात काय फरक पडतो? एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा वर्षाचा पगार ९ लाख आहे आणि सॉफ्टवेअरच्या जोडकामातून तिला १,८०,००० रुपये मिळतात. खरा खर्च ४०,०००. म्हणजे नफा १,४०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते. ८,२५,००० अधिक १,४०,००० म्हणजे ९,६५,०००. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून तिला काहीच भरायचं नाही. उलट काम देणाऱ्या कंपनीने व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला असेल, तर ते १८,००० रुपये विवरणपत्र भरून परत मिळतात. पुष्कळ मुलं हे पैसे सोडून देतात!

तेच काम तिने एलएलपी काढून केलं तर? एलएलपीला किमान दोन भागीदार लागतात. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. १२ लाखांची सवलत एलएलपीला नाही. १,४०,००० वर हा कर होतो ४३,६८० रुपये. भागीदाराला मोबदला दाखवून तो कमी करता येतो हे खरं, पण त्यासाठी करारनामा, काटेकोर हिशेब आणि दर वर्षी सीएची फी. शिवाय नफा-तोटा असो नसो, एलएलपीचेही दोन वार्षिक अर्ज चुकत नाहीत. एका माणसाची कंपनी, म्हणजे ओपीसी, हाही पर्याय २०१३ च्या कंपनी कायद्याने दिला आहे. तिलाही ऑडिट सक्तीचं. पावणेदोन लाखांसाठी हा पसारा कशाला?

'पण सर, उद्या गिऱ्हाइकाने दावा लावला तर घरदार जाईल ना?' हा प्रश्न रास्त आहे. एकल मालकीत जबाबदारी अमर्याद असते. धंद्याचं देणं तुमच्या स्वतःच्या मालमत्तेतून फेडावं लागू शकतं. म्हणून कर्ज काढून माल भरणार असाल, माणसं ठेवणार असाल, किंवा तुमच्या चुकीने समोरच्याचं लाखोंचं नुकसान होऊ शकत असेल, तर एलएलपीचा किंवा कंपनीचा विचार जरूर करा. पण लोगो काढून देणाऱ्याला किंवा पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्याला एक पानाचा लेखी करार बहुतेक वेळा पुरतो. त्यात काम काय, मुदत काय, पैसे केव्हा, आणि नुकसानभरपाई झालीच तर ती मिळालेल्या फीपेक्षा जास्त नाही, एवढं लिहून घ्या.

दोन मित्र मिळून काम करत असाल तर मात्र थांबा. तिथे खरी जोखीम आहे, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदारी तोंडीसुद्धा होते. काही ठरवलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग एकाने रात्री जागून काम केलं आणि दुसऱ्याने फक्त ओळखी करून दिल्या तरीही. धंद्यापायी एकाने केलेलं देणं दुसऱ्यावरही येतं. फर्म नोंदवलेली नसेल तर बुडालेल्या पैशांसाठी फर्मच्या नावाने दिवाणी दावासुद्धा लावता येत नाही. मैत्री टिकवायची असेल तर स्टॅम्प पेपर आधी आणा, चहा नंतर प्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रचना निवडण्याआधी कपाटातलं नेमणूकपत्र काढून वाचा. खाजगी नोकरीत बऱ्याचदा 'पूर्वपरवानगीशिवाय दुसरं काम करणार नाही' असं कलम असतं आणि सही करताना आपण ते वाचलेलं नसतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, त्यांना खाजगी धंद्यासाठी आधी परवानगी लागते. आम्हा शिक्षकांचं तर विचारूच नका, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने खाजगी शिकवणीच बंद केली आहे. कंपनी किंवा एलएलपी काढली की हे झाकलं जाईल असं काहींना वाटतं. उलट आहे. संचालकांची आणि भागीदारांची नावं सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसतात.

'मग बायकोच्या नावावर करतो!' असं म्हणणारेही भेटतात. काम ती करत असेल तर उत्तमच. पण काम तुम्ही करायचं आणि बिल तिचं, असं असेल तर आयकर खातं ते उत्पन्न तुमचंच धरू शकतं. आणि नोकरीतलं कलम मोडायचं ते मोडतंच.

एकल मालकी सोपी आहे, पण तिच्यातही काही ठिकाणी माणसं अडखळतात. जोडकाम सुरू झालं की सहज नावाचं आयटीआर-१ चालत नाही. ठरावीक व्यवसायांना, त्यात माहिती तंत्रज्ञान येतं, मिळालेल्या रकमेच्या किमान ५० टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतो आणि खर्चाची एकेक पावती दाखवावी लागत नाही. यादीत आपलं काम बसतं का ते आधी पाहा. अनुवाद, शिकवणी ही नावं तिथे नाहीत. पगारावरचा टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ५० टक्क्यांच्या योजनेत तो सगळा १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतं.

घरकर्जवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फक्त पगार असणाऱ्याला जुनी की नवी करप्रणाली हे दर वर्षी बदलता येतं. व्यवसायाचं उत्पन्न आलं की तसं राहत नाही. जुनी निवडल्यावर नव्यात परतण्याची संधी एकदाच, आणि परतलात की व्यवसायाचं उत्पन्न चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद. दहा-वीस हजारांच्या जोडकामापायी हे घडू शकतं, म्हणून आधी दोन्हीकडचा कर कागदावर मांडून पाहा.

जीएसटीची भीती मात्र बाळगू नका. सेवा देणाऱ्याला एरवी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावरच नोंदणी लागते, आणि पगार त्यात मोजत नाहीत. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, तो गुन्हा ठरतो. बिलावर तुमचं नाव, पत्ता, पॅन, क्रमांक, तारीख, काम आणि रक्कम एवढं असावं. जोडकामाचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका, वेगळं खातं ठेवा. पहिल्या बिलाला क्रमांक १ द्या आणि त्याची प्रत एका फाइलला लावा.