‘म्हणजे काय?’ हें इंग्रजींत कसें विचारावें

न समजलेलें समजल्यासारखें दाखविणें हा आपल्यापैकीं पुष्कळांचा जुना रोग आहे. आणि बोलणें इंग्रजींत चाललें असलें म्हणजे तो हटकून बळावतो. माझाच अनुभव सांगतों. जन्मभर मुलांना इंग्रजीचें व्याकरण शिकविलें. पण पत्नीच्या आजारांत एका परप्रांतीय डॉक्टरांनीं ‘आठवड्यानंतर गोळ्या टेपर करा’ असें इंग्रजींत सांगितलें, तेव्हां मीं नुसती मान डोलावली. टेपर करणें म्हणजे क्रमाक्रमानें कमी करीत जाणें. मीं मात्र आठवा दिवस उजाडतांच गोळ्या बंद केल्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या, आणि तीं औषधें एकाएकीं थांबविणें धोक्याचें असतें. ती घेरी येऊन पडली, तेव्हां माझे डोळे उघडले.

प्रथम हें ठरवावें कीं, आपल्याला ऐकूं आलें नाहीं, कीं समजलें नाहीं? ऐकूं आलें नसेल तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असें म्हणावें. परंतु समजलें नसतांना हें विचारलें, तर समोरचा मनुष्य तेंच वाक्य अधिक मोठ्यानें म्हणेल, इतकेंच! तेथें ‘कुड यू एक्स्प्लेन दॅट अ लिट्ल मोर?’ हें वाक्य योग्य. एखादाच शब्द अडला असेल तर ‘व्हॉट डझ टेपर मीन?’ हे चार शब्द पुरेत. तपशील हवा असेल तर ‘कुड यू टेल मी मोर अबाउट इट?’ आणि दाखला हवा असेल तर ‘कुड यू गिव्ह मी ॲन एक्झांपल?’ असें विचारावें.

आतां आपल्या नेहमींच्या चुका पाहूं. ‘टेल मी’ शुद्ध आहे, म्हणून आपण ‘एक्स्प्लेन मी’ म्हणतों, तें चूक. तेथें ‘एक्स्प्लेन इट टू मी’ असें पाहिजे. ‘म्हणजे काय?’ याचें शब्दशः ‘मीन्स व्हॉट?’ होत नाहीं. ‘शंका’ या अर्थी आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतों. पण इंग्रजी ‘डाउट’मध्यें अविश्वासाची छटा असते, म्हणून ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणणें बरें. नुसतें ‘व्हॉट डू यू मीन?’ स्वर चढवून म्हटलें तर भांडणाचा सूर लागतो. आरंभीं ‘सॉरी’ आणि शेवटीं अडलेला शब्द जोडला, म्हणजे तेंच वाक्य सौम्य होतें.

सर्वांत उपयुक्त युक्ति शेवटीं सांगतों. जें समजलें तें आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावें. ‘डू यू मीन आय शुड स्टॉप द टॅब्लेट्स?’ एवढें मीं विचारलें असतें, तर डॉक्टरांनीं तत्क्षणीं ‘नो’ म्हटलें असतें, आणि पुढचा अनर्थ टळला असता. सुदैवानें ती वेळेवर सावरली.

वर्गांत हात वर करून ‘गुरुजी, म्हणजे काय?’ असें विचारणाऱ्या मुलाला मीं कधीं मूर्ख मानलें नाहीं. उलट माझें शिकविणें त्यालाच पोंचतें आहे, असें वाटे. मग तोच हात वर करण्याची लाज आपण म्हाताऱ्यांनीं कां बाळगावी?