पार्लरमध्ये केसांचा रंग फसला तर?

घरात लग्नकार्य निघालं की साड्या-दागिन्यांबरोबर आपलं लक्ष आरशातल्या पांढऱ्या केसांकडेही जातं. मग पार्लर गाठायचं. आपण सांगावं तपकिरी, आणि केस धुऊन पाहावं तर नारिंगी! नाहीतर मुळाशी तांबूस आणि टोकांना काळेकुट्ट. अशा वेळी रडू येणारच. पण मैत्रिणींनो, "आत्ताच्या आत्ता दुसरा रंग लावा," असा हट्ट मात्र धरू नका.

असं होतं तरी का? आपल्या काळ्या केसांत तांबड्या-नारिंगी छटा दडलेल्या असतात. केस उजळताना आधी त्याच वर येतात. काम मध्येच थांबलं की केस नारिंगी दिसतात. शिवाय टाळूच्या उबेने मुळाशी केस लवकर उजळतात, तर जुन्या, कोरड्या टोकांत रंग जास्त मुरतो. म्हणून एकाच वाटीतला रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसतो.

पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा झाकायला आपण नीळ देतो ना? जाणकार पार्लरवालीची युक्तीही तीच. नारिंगीवर ती निळसर छटा देते, पिवळ्यावर जांभळट, तांबड्यावर हिरवट. रंग फार गडद झाला असेल, तर त्यावर फिका रंग चढवून काहीच साधत नाही. आधी चढलेला रंग उतरवावा लागतो. त्यासाठी वेगळं औषध मिळतं. ब्लीच हा अगदी शेवटचा उपाय. तोही आधी मागच्या एका बटेवर करून पाहायचा. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन तुटत असेल, तर ती तिथेच थांबते आणि काही आठवड्यांनी या म्हणते. असं सांगणारी पार्लरवाली टाळाटाळ करत नसते, तुमचे केस वाचवत असते.

आता थोडं आपल्याविषयी. "काही लावलं नाही हो," असं आपण सहज सांगून जातो. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फूटभर लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं! तेव्हाची मेंदी अजून त्यात असू शकते. मेंदीचा रंग सहजी निघत नाही. काही तयार पुड्यांत तर धातूंचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं तर केस तापून तुटतात. तेव्हा मेंदी, कलप, जे काही लावलं असेल ते न लाजता सांगा.

एक गोष्ट मात्र पार्लरवालीच्या हातची नाही. टाळूची आग झाली, पापण्या किंवा चेहरा सुजला, तर रंग ताबडतोब धुवा आणि डॉक्टरांकडे जा. श्वास अडखळत असेल, तर थेट इस्पितळ गाठा. बहुतेक कायम टिकणाऱ्या रंगांत आणि पुष्कळशा 'काळ्या मेंदी'तही पीपीडी किंवा तशीच रसायनं असतात. ती काहींना सोसत नाहीत. पूर्वी सोसलं म्हणून यापुढेही सोसेलच, असं नाही. म्हणून दर खेपेला पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे थोडा रंग कानामागे लावून ४८ तास वाट पाहा.

आणि कार्याच्या आदल्या दिवशी नवा रंग नकोच. दोन-तीन आठवडे आधी जा; काही बिघडलंच, तर सावरायला वेळ मिळेल.