जुने दंताळे घेताना

एक टन सुकी वैरण तयार व्हायची तर शेतातल्या गवतातून किती पाणी उडून जावे लागते? कापताना ८० टक्के ओल आणि गठ्ठे बांधताना १५ टक्के धरली, तर हिशेब सुमारे ३,२५० किलोंवर जातो. एवढे पाणी ऊन आणि वारा फुकट उडवतात. शेतकऱ्याने गवत कापायचे, पसरू द्यायचे आणि नेमक्या वेळी ओळीत ओढून घ्यायचे. अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या दूधदुभत्याच्या राज्यात हे ओढण्याचे काम ट्रॅक्टरमागचे दंताळे करते. दहा-वीस एकरांचा शेतकरी तिकडे छोटाच. नवे यंत्र त्याला झेपत नाही, मग तो लिलावात किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडेला गवतात उभे असलेले जुने यंत्र हेरतो. रंग बघतो, गंज बघतो, घासाघीस करतो. खरे बघायचे असते ते दाता पाल्याला कसा लागतो, हे.

गवत कापले तरी ते लगेच मरत नाही. पानांवरची सूक्ष्म छिद्रे सुरुवातीला उघडी असतात आणि पाणी भराभर जाते. पुढे ती मिटतात. मग उरलेली ओल सालीवरच्या मेणचट थरातून हळूहळू झिरपत बाहेर येते. पाला लवकर वाळतो, देठ मागे राहतो. ओल ४० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत पेशींचा श्वास चालूच असतो आणि त्यात गवतातली साखर जळत राहते. म्हणजे घाई हवी.

पण घाईलाही मर्यादा आहे. लसूणघासात पाला वजनाने साधारण निम्मा, प्रथिनांच्या हिशेबात मात्र दोन-तृतीयांशाच्या घरात. ओल ४० टक्क्यांच्या वर असेपर्यंत हा पाला लवचीक असतो. त्याखाली गेला की कुरकुरीत होतो, दाता लागला की गळून जमिनीवर पडतो, आणि जनावरापुढे उरतात नुसत्या काटक्या. म्हणून जाणते शेतकरी लसूणघास सकाळी दहिवर असताना ओढतात. आपल्याकडे ही अडचण सहसा येत नाही, कारण आपण लसूणघास हिरवीच कापून गोठ्यात टाकतो. तिथल्या हिवाळ्यात शेत महिनोन्‌महिने बर्फाखाली असते, त्यामुळे सगळी मदार सुक्या वैरणीवर.

बाजारात जुनी दंताळी मुख्यतः तीन जातींची मिळतात. सर्वांत स्वस्त ते चाकांचे. तारेच्या दात्यांची मोठाली चाके तिरकी लावलेली असतात. ती जमिनीला घासत फिरतात आणि गवत एका बाजूला सरकवत नेतात. गिअर नाही, ट्रॅक्टरच्या इंजिनाची फिरकी यंत्राला देणारा पीटीओ नाही, बिघडण्यासारखे फारसे काहीच नाही. नेदरलँड्समधल्या लेली बंधूंनी १९४८ साली कंपनी काढली ती याच दंताळ्याच्या बळावर. मात्र ही चाके जमीन खरवडतच फिरतात, त्यामुळे वैरणीत माती येते. प्रयोगशाळेत वैरणीचा नमुना जाळून राख मोजतात. त्या राखेतून गवताची स्वतःची खनिजे वजा केली की उरते ती शेताची माती. तिच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते आणि गाईला तिचा काडीचा उपयोग नसतो. शिवाय या दंताळ्याने केलेली ओळ कधीकधी दोरखंडासारखी पिळली जाते आणि तिच्या आत ओल कोंडते.

दुसरी जात समांतर दांड्यांची. हिची रचना मला सर्वांत देखणी वाटते. दोन टोकांना दोन तिरप्या चकत्या, त्यांना जोडणारे बहुधा पाच दांडे आणि दांड्यांवर रबरात बसवलेले दाते. सगळा पिंजरा गरगर फिरतो, तरी प्रत्येक दात्याचे तोंड कायम खालीच राहते. दाता गवतात सरळ उतरतो, बाजूला ढकलतो आणि सरळ वर निघतो. ओरबाडणे कमी, म्हणून पालागळही कमी. न्यू हॉलंडची ‘रोलाबार’ दंताळी याच जातीची, आणि त्यांतले २५६ हे मॉडेल अजूनही हातोहात खपते.

यातली बरीचशी यंत्रे स्वतःच्या चाकांवरून पिंजरा फिरवतात. त्यामुळे एक गंमत होते. ट्रॅक्टरचा वेग दुप्पट केला तरी दर मीटरला पडणारे फटके तेवढेच राहतात. प्रत्येक फटक्याची ऊर्जा मात्र चौपट होते. पाला वाचवायचा असेल तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी जात पीटीओवर फिरणाऱ्या हातांची. ओळ फुगीर होते, वारा आतपर्यंत खेळतो, माती कमी येते. पण किंमत जबर, आणि त्यातला मोठा गिअरबॉक्स गेला तर जुन्याच्या स्वस्ताईत राम राहत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटलेले असेल तर नवे बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये. शर्टाची बाही गुंडाळली जायला अर्धा सेकंदही लागत नाही.

आता समांतर दांड्यांचे एखादे जुने यंत्र समोर उभे आहे असे समजा. आधी मागे जाऊन एका टोकाकडून दांड्यांच्या रेषेत डोळा लावा. वाकलेला दांडा लगेच कळतो. पिंजरा हाताने सावकाश फिरवा आणि दांड्यांच्या टोकांच्या बेअरिंगकडे कान द्या. करकर ऐकू आली किंवा दांडा वरखाली हलला, तर तिथे खर्च आहे. दात्याच्या बुडाशी असलेल्या रबरावर नख दाबून बघा. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. असा दाता आज दिसतो आणि उद्या शेतात गळतो. चार-सहा दाते नसले तर बिघडत नाही, कारण मागून येणारा दांडा तीच पट्टी साफ करतो. निम्मे रबर भेगाळलेले असेल, तर मात्र किंमत नव्या संचाच्या हिशेबाने पाडून घ्यावी. टायर गुळगुळीत झाले असतील तर दहिवरात चाक घसरते आणि पिंजरा थांबतो. नेमक्या त्याच वेळी तो फिरायला हवा असतो.

गळालेला दाता नुसता हरवत नाही. तो गठ्ठे बांधणाऱ्या बेलरमध्ये अडकतो किंवा तुकडे होऊन गाईच्या पोटात जातो. गाय चारा निवडून खात नाही, गिळत सुटते. जड तार जाळीदार कप्प्यात बसते, आणि त्या कप्प्याच्या पुढे पडद्यापलीकडे लगेच हृदय. म्हणूनच तिकडे अनेक गाईंना लोहचुंबक गिळायला देतात. आयुष्यभर तो पोटात राहून लोखंड धरून ठेवतो.

ओळ पिळली आणि मधला भाग ओला राहिला, तर धोका गंजीत दिसतो. २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलीत जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि वैरण आतून तापते. पुढे रासायनिक क्रियांची भर पडते. तापमान ८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की ठिणगीशिवायही गंजी पेटू शकते, आणि तेही रचल्यावर काही आठवड्यांनी.

पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा गोळा करायला बेलरच्या पुढे अशीच दंताळी फिरतात आणि तिथे त्यांना सरळ रेक म्हणतात. पेंढ्यात पाला वाचवण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे तिथे चाकांचे यंत्रही चालून जाते. नुसते गवत असेल तर छोट्या शेतकऱ्याने तेच घ्यावे, दाते जमिनीत रुतणार नाहीत एवढे उचलून. लसूणघास वाळवायची असेल तर समांतर दांड्यांचे घ्यावे, मग रंग उडालेला का असेना. आणि पैसे मोजण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात एक फेरी मारावी. त्या मॉडेलचे दाते आणि बेअरिंग मिळत नसतील, तर फुकट दिले तरी ते यंत्र आणू नये.